हळदकुंकवाचं रिव्हॉल्व्हर

आमच्या पतसंस्थेत दसऱ्याला सगळ्यात जास्त हळदकुंकू कुणाला लागायचं, तर आप्पांच्या रिव्हॉल्व्हरला. भिंतीवरच्या लक्ष्मीलासुद्धा एवढं नाही. गोळ्या काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायच्या, स्टुलावर लाल फडकं अंथरायचं, वर रिव्हॉल्व्हर. मग हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, आणि शेवटी घोड्यापासून चापापर्यंत बोटानं चोपडलेलं खोबरेल तेल. "अंगाला त्याल लागलं की ही वर्सभर कुरकुरत न्हाय," असं आप्पा सांगायचे. जणू पोर न्हायला घातलंय.

आप्पा आमचे गनमन. मंगळवेढ्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले, मिशी अशी की लहान मुलं आईच्या मागं लपायची. फौजेतून निवृत्त. फौजेत ते भटारखान्यात होते, ही गोष्ट मात्र आम्हाला फार उशिरा कळली. तिथं बाकीचे जवान रायफली पुसायचे तेव्हा आप्पा पातेली घासत होते. त्यामुळं लोखंड म्हटलं की त्याला तेल लावायचं, हे एकच शास्त्र त्यांना ठाऊक होतं, आणि ते तव्याचं होतं.

रिव्हॉल्व्हर त्यांनी घेतल्यापासून एकदाही चालवलेलं नव्हतं. रिकामा चापसुद्धा ओढायचा नाही, असा त्यांचा दंडक. "रिकामी वडली की रुसती," म्हणायचे. मी कॅशियर, दिवसभर काचेआड बसणारी. मला ते सगळं पटायचं, कारण एका दुपारी मी त्या रिव्हॉल्व्हरची करामत डोळ्यांनी पाहिली होती.

जेवणाची सुट्टी होती, मी कडक भाकरी मोडत होते. हेल्मेट घातलेला एक जण आत आला आणि त्यानं सरळ कोयता काढून माझ्या काचेवर टेकवला. तेवढ्यात आप्पा स्टुलावरून उठले, रिव्हॉल्व्हर पुढं धरलं आणि ओरडले, "एऽ! टाक खाली! न्हायतर हितंच पाडतो!" त्या आवाजानं पंख्यावरची धूळ पडली म्हणतात, खरंखोटं पंख्याला माहीत. चोरानं कोयता टाकला, एक चप्पलही टाकली आणि पळाला. पोलिसांचं काम संपून तो कोयता आमच्याकडे परत आला, तेव्हापासून दसऱ्याचा नारळ आम्ही त्यानंच फोडतो. आप्पांना त्या दिवसापासून संस्थेत कुणी "अहो" म्हणण्याआधी चहा मिळू लागला.

मग नवा मॅनेजर आला. अध्यक्षांचा भाचा, मोबाइलवर वाचून शहाणा झालेला. त्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आप्पा, हे किती वर्षं टिकतं? पंख्याचं बेअरिंग जातं, एसीचा गॅस जातो. मग याचं काय जातं?"

"सायेब, हिचं काय जात न्हाय. म्होरच्याची चड्डी जाती."

आम्ही सगळे हसलो, तो मात्र हसला नाही. स्प्रिंग झिजली असेल, नळी गेली असेल, तेव्हा तपासून दाखला आणा, नाहीतर एजन्सीचा माणूस लावतो, असं त्यानं सुनावलं. आप्पांचा चेहरा उतरला. घरी सुनेच्या टीव्हीसमोर बसून म्हातारं व्हायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. ती नोकरी म्हणजे त्यांची मिशी होती.

संस्थेतर्फे कुणीतरी सोबत जायला हवं होतं. मॅनेजरला ऊन लागतं, म्हणून मी गेले. शहराबाहेर नेमबाजीचं मैदान आहे, तिथं एक उस्ताद परवान्याची हत्यारं तपासतात. आप्पांनी गोळ्या भरल्या, छाती काढून नेम धरला आणि चाप ओढला. चाप हलेना. पुन्हा ओढला, दोन्ही हातांनी ओढला. तो जागचा हलला नाही. घोडाही नाही, गोळ्यांचं चक्रही नाही.

उस्तादांनी गोळ्या काढून ते खोललं आणि बघतच राहिले. "आप्पा, इसमें तो पूरी शादी का सामान है!" आत तेल वाळून डिंकासारखं झालेलं, त्यात हळद, त्यात कुंकू, आणि स्प्रिंगच्या कडेला चक्क अक्षतांचे दाणे. "घिसा कुछ नै," ते म्हणाले. "हजारों गोलियां मारे तो घिसता. ये तो नवीच है, तुम्हारे पोतों तक चलती. पन इत्ते बरसों से ये बंदच थी."

त्यांनी सगळं धुऊन, पुसून, योग्य तेलाचा एकेक थेंब सोडून ते जोडलं. आप्पांनी चाप ओढला. धाडकन बार उडाला, आणि गोळी नेमाच्या आसपासच्या सोलापूर जिल्ह्यात कुठंतरी गेली. हत्यार उत्तम असल्याचा दाखला मिळाला. नोकरी वाचली. मी तर पेढे घ्यायच्या विचारात होते.

परतताना रिक्षात आप्पा म्हणाले, "बाई, म्हंजी त्या कोयतेवाल्याम्होरं माज्या हातात काईच नव्हतं की."

"तुमचा आवाज होता ना आप्पा! त्यानंच पळाला तो."

"आवाज हिच्या जिवावर निगाला हुता," ते म्हणाले. "ठाऊक असतं तर म्या तुमच्या टेबलाखाली घुसलो असतो."

दुसऱ्या दिवशी ते स्टुलावर बसले खरे, पण दार वाजलं की दचकायचे. हात कमरेशी जायचा आणि रिकामाच परत यायचा. दोनचार दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. मॅनेजरनं दाखला दाखवत म्हटलं, "अहो, आता तर ते चालतंय!"

"व्हय. आता ती चालती. मी न्हाय चालत," आप्पा म्हणाले. "तुमी तपासायला लावलं नसतं, तर मराया टेकस्तोवर हितंच हुबा ऱ्हायलो असतो."

मला मॅनेजरचा एवढा राग आला की त्या दिवशीची माझी कॅश जुळली नाही.

आता एजन्सीचा पोरगा असतो. त्याचं हत्यार तपासलेलं आहे आणि डोकं मोबाइलमध्ये. दसऱ्याला पूजा त्या कोयत्याची होते. रिव्हॉल्व्हर आप्पांनी रीतसर जमा करून टाकलं आणि गावी जाऊन भावाची शेरडं राखायला लागले. परवा सोनं द्यायच्या दिवशी मी फोन केला आणि विचारलं, "आप्पा, लांडगाबिंडगा आला तर काय करता हो?"

"काठी हाय की!" तोच जुना आवाज, मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "काठीचं लई बरं असतंय बाई. आत काय हाय, कुणी खोलून दाकवत न्हाय."