आमच्या घरमालकांनी शाळा तपासली

स्वर्गाचं दार समोर उघडलं, तरी आमचे बेंगळुरूचे घरमालक आधी त्याच्या बिजागऱ्या हलवून पाहतील आणि मगच आत पाऊल टाकतील. तपासल्याशिवाय घ्यावं असं या जगात काहीही नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं ते सुटे भाग तपासायचे. भोक केसभर मोठं निघालं तरी माल परत. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, सवय सुटली नाही. नारळवालीकडचे सगळे नारळ कानाशी हलवून ते शेवटी पहिलाच घ्यायचे. नवा दिवा आणला की चाळीस वेळा चालू-बंद करायचे, आणि एकेचाळिसाव्या वेळी तो गेला की समाधानाने म्हणायचे, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मला वरची जागा भाड्याने देताना त्यांनी ना नोकरी विचारली ना पगार. जिन्यावरून दोनदा वरखाली जायला लावलं आणि स्वतः खाली खुर्चीत डोळे मिटून बसले. "टाच आपटत नाही तुम्ही," ते म्हणाले. "सरी, ठीक आहे. या राहायला."

ही नव्वदीतली गोष्ट. पुण्यात कॉम्प्युटर शिकून मी राजाजीनगरात नवाच आलो होतो आणि ऑफिसात इंग्रजी, रिक्षात हिंदी आणि घरी मराठी अशा तीन भाषांत सारखाच अडखळत होतो. घरमालक मूळचे निपाणीकडचे, एकटेच राहायचे. मराठी आमच्यापेक्षा खणखणीत, कन्नड त्याहून. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. बायको सकाळच्या वेळात एका कॉलेजच्या ग्रंथालयात जायची. ती दुपारी येईपर्यंत आमची तीन वर्षांची जुई खाली अण्णांकडे असायची. दोघं मिळून दाराच्या कड्या तपासायची.

जुई बोलत नव्हती, हे आमचं त्या वर्षातलं मोठं दुखणं होतं. आई, बाबा, दे, नको एवढं म्हणायची. बाकी बोट दाखवायची, नाहीतर स्वतःशी काहीतरी पुटपुटायची. डॉक्टर म्हणाले, थोडी वाट बघा. आम्ही वाट बघत होतो आणि एकमेकांना धीर देत होतो, पण बाहेर कुणाला, अगदी अण्णांनाही, हे सांगितलं नव्हतं. अशात ऑफिसातल्या एकाने हेब्बाळच्या बाजूच्या नव्या बालशाळेचं नाव काढलं. तिथली मुलं म्हणे तीन महिन्यांत इंग्रजीत भांडायला लागतात. माझी मुलगी मराठीतही भांडत नव्हती. मी त्याच संध्याकाळी फॉर्म घेऊन आलो. वर्षाची फी आमच्या वर्षाच्या घरभाड्यापेक्षा जास्त होती. बायको म्हणाली, "एवढ्या पैशांत आपण तिघं पुन्हा शिकू." मी भविष्य, पाया, स्पर्धा असे शब्द वापरले. खरं कारण भीती होती, ते तिलाही माहीत होतं. म्हणून तिने मला पेन शोधून दिलं.

अण्णांना मी फॉर्म दाखवला तो कौतुक ऐकायला. त्यांनी कागद उजेडात धरला, बोटांनी चोळला. "कागद चांगला आहे," म्हणाले. "शाळा बघितल्याशिवाय कसं सांगू? मी येतो."

मुलाखतीची तयारी मी तीन दिवस केली. जुईला चित्रांचा तक्ता दाखवून कॅट, डॉग, ॲपल घोकवलं. ती तक्त्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघायची. मी स्वतः आरशासमोर इंग्रजीत हसायचा सराव केला. ठरलेल्या दिवशी मी टाय लावला. अण्णा इस्त्रीचा बुशशर्ट घालून, खिशात स्टीलची पट्टी घेऊन माझ्याआधी फाटकाशी उभे होते.

शाळेत शिरताच ते नाहीसे झाले. मी मुख्याध्यापिकाबाईंसमोर बसलो. त्यांनी गोड आवाजात इंग्रजीत विचारलं, "मुलीबद्दल तुमची व्हिजन काय?"

घोकलेलं सगळं डोक्यातून गेलं. मी म्हणालो, "व्हिजन उत्तम आहे मॅडम. चष्मा नाही."

बायकोने मान खाली घातली. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. बेसिन पावणेतीन इंच जास्त उंच आहे, या वयाच्या मुलांचे हात पोचणार नाहीत, असं ते तिथल्या आयाबाईला समजावत होते. बाईंनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि जुईसमोर मांजराचं चित्र धरलं. "व्हॉट इज धिस?"

जुई गप्प. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा जुईने चित्र हातात घेतलं, दारात येऊन उभ्या राहिलेल्या आयाबाईकडे वळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "अक्का, बेक्कु ओडि होतु."

आयाबाई हसायलाच लागली. मला एक अक्षर कळलं नव्हतं; वाटलं, पोरीने नेहमीसारखं पुटपुटून माझी लाज काढली. मी "सॉरी, सॉरी" म्हणू लागलो. बाई म्हणाल्या, "सॉरी कशाला? ती सांगतेय, मांजर पळून गेलं. आणि तेही अगदी बेळगावकडच्या कन्नडात." आयाबाईने तिला आणखी काही विचारलं. जुई बोलत सुटली. बाई आम्हाला सांगत गेल्या: मांजर, दूध, भिंत, अण्णांची काठी, बरंच काही. बायको माझ्याकडे न बघता रडत होती.

बाहेर आल्यावर मी अण्णांना विचारलं, "ती बोलते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत काय? डोकं उठवते माझं," अण्णा म्हणाले. "मराठी घरी येणारच म्हणून मी कन्नड बोलत होतो. का? घरी बोलत नाही?"

बायकोने जुईला उचलून कडेवर घेतलं. ते आमच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले, आणि मग त्यांना कळलं. फाटकापाशी थांबून त्यांनी पट्टी खिशात ठेवली. "शाळा पास," ते म्हणाले. "बेसिन सोडून. मुलगी पास. बाप परत कारखान्यात."

आम्ही जुईला तिथे घातलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे एक बाई घरीच पंधरा मुलं सांभाळायच्या, तिथे घातलं. बेसिन नव्हतं, बादली होती. संध्याकाळी मी लवकर घरी येऊन तिच्याशी बोलू लागलो. एरवी मी घरी बोलायचो ते बहुतेक बायकोशी, ऑफिसबद्दल, हे तेव्हा लक्षात आलं. दिवाळीपर्यंत ती मराठीतही भांडायला लागली.

तीन वर्षांनी आम्ही पुण्याला परतलो. कन्नड बोलायला कुणी उरलं नाही. जुईचं कन्नड कधी गेलं, मला सांगता येणार नाही. एका रविवारी अण्णांचा फोन आला. जुईने रिसीव्हर घेतला, थोडा वेळ ऐकलं आणि माझ्या हातात दिला. "अण्णा काय म्हणतायत, कळत नाही," म्हणाली, आणि खेळायला पळाली.

मी रिसीव्हर कानाला लावला. अण्णा तिच्याशीच बोलत होते. जेवलीस का, शाळा कशी आहे, एवढं मला समजलं. पुढचं समजलं नाही. ते मध्येच थांबायचे, उत्तराची वाट बघायचे. मी आवाज बारीक करून "हूं" म्हणत राहिलो.