मागचा जिना

इथे परदेशात, अवोन्डेल उपनगरात, आमच्या शेजारी एक म्हातारे इंग्रज सुतार राहतात. पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि कशाचंही कौतुक करायचं तर इथल्या बोलीतले दोनच शब्द, "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही. तिथे चार वर्षं ते इंग्लंडमधल्या एका जुन्या हवेलीचं लाकडी मॉडेल करत होते. खिडक्या, धुराडी, सगळं मापात. मी सिव्हिल इंजिनियर, त्यामुळे दर शनिवारी चहाचा मग घेऊन तिथे डोकावायचोच. दर्शनी दालनातला ओकचा रुंद जिना तर त्यांनी असा कोरला होता की बघत राहावं.

परवा गेलो, तर तो जिना उखडून जळणाच्या लाकडांत टाकलेला! मी ओरडलोच, "अहो, हे काय केलंत?"

त्यांनी शांतपणे मॉडेलची मागची भिंत काढली. आत एक अरुंद, बिनखिडकीचा जिना होता.

"आई त्या घरात कामाला होती. कोळशाच्या बादल्या इथून वर न्यायची. पुढच्या जिन्यावर तिला पाय ठेवायची परवानगी नव्हती. आता सगळे इथूनच जातील."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पुण्यात आमच्या बिल्डिंगलाही मागून लोखंडी जिना होता. संडास साफ करणाऱ्या बाई त्यावरून यायच्या."

"नाव काय त्यांचं?"

माझं सगळं लहानपण त्या रोज सकाळी आल्या होत्या, आणि त्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.