गवताची मूठ

मंगळवारी माझी पत्नी सुमन गेली. तेव्हापासून आमची मांजर, मनी, दूधभाताला तोंड लावत नाही. बशी तीच आहे, कालवतो मात्र मी.

काही सुचेना म्हणून शब्दकोश चाळत बसलो. स्कॉटलंडच्या जुन्या बोलीत मांजराचाच शब्द मातीच्या भिंतीत घालायच्या गवताच्या मुठीलाही होता म्हणे. का, ते उमगलं नाही. मऊ म्हणून, की न दिसताही घरात असते म्हणून?

शेजारच्या कुसुमताई डबा घेऊन आल्या. “अहो भाऊजी, मनी एकटी कधी जेवलीय? वहिनी पानावर बसल्या की मग ती बशीशी यायची. तुम्ही नुसतं वाढता आणि पुस्तकात डोकं!”

मी पान वाढून घेतलं, एक घास खाल्ला. मनी आली. तिला काय वाटलं, कळलं नाही. आता घरात जेवणारे दोघं आहोत.