एका दुपारची राखण
फोटोकॉपी मशीनमधून निघालेल्या गरम कागदांचा वास आला, की मला हिंदी मुलखातल्या पिपलानीतलं माझं पहिलं ऑफिस आठवतं. नोकरीला चारच महिने झाले होते आणि कुणाला नाही म्हणणं मला जमत नसे. कुणाचं पत्र, कुणाची एक्सेल शीट, सगळं माझ्याच टेबलावर यायचं. त्या दिवशी पाचपर्यंत माझा स्वतःचा रिपोर्ट द्यायचा होता. साहेबांनी ही शेवटची संधी म्हणून बजावलं होतं, आणि दुपारचे दोन वाजले तरी पहिलंच पान अर्धं होतं. माझे डोळे भरून आले. शेजारच्या सीनियर मॅडमनी ते पाहिलं आणि खुर्ची ओढून त्या माझ्या टेबलापुढे येऊन बसल्या. "तू वर बघू नकोस, लिही," त्या म्हणाल्या. कूलरच्या घरघरीत, माझ्याकडे काम घेऊन येणाऱ्यांना सांगणारा त्यांचा मऊ आवाज मला ऐकू येत राहिला, "अभी नहीं भैया, कल ग्यारह बजे आइए." कुणी रागावलं नाही, लोक नुसते परत गेले. पावणेपाचला रिपोर्ट साहेबांकडे पोचला. निघताना मागे पाहिलं, तर मॅडम स्वतःची त्या दिवशीची फाइल तेव्हा कुठे उघडत होत्या. आता मलाही नाही म्हणता येतं, माझी कामंही वेळेत होतात. पण माझी एक अख्खी दुपार मी अजून कुणाला दिलेली नाही.