आक्काच्या मापाची मूठ

आक्का गेल्याचा निरोप घेऊन आंबवड्याचा माणूस भोरला माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा मी पुण्याच्या एका काठीवाल्या दुकानदाराला तिसरे पत्र लिहीत होतो. मी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच : "पडली?" तो म्हणाला, "न्हाई जी. चुलीम्होरं बसल्या जागीच गेल्या." मी लेखणी खाली ठेवली... ज्या एका गोष्टीविरुद्ध मी इतके दिवस सगळ्यांशी भांडत आलो, ती घडलीच नव्हती. आणि तरीही आक्का गेली होती. प्रतिवादीच नाहीसा व्हावा तसे झाले. या घटनेला आता काही आठवडे लोटले, पण माझा राग उतरलेला नाही, आणि तो नेमका कोणावर आहे हेही मला ठरवता आलेले नाही.

आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन आंबवड्याच्या शेतकरी घरात गेली. मूलबाळ झाले नाही, यजमान वारले, आणि ती दोन खणांच्या घरात एकटी राहू लागली. शेजारच्या घरात तिचे धाकटे दीर गणपतराव यांचे बिऱ्हाड. तिच्या मागल्या दाराचा उंबरा भलताच उंच, आणि त्यावर पाय द्यायचा नाही हा तिचा जन्माचा नेम. कडेवर भरलेली घागर, एक गुडघा आधीच धरलेला, अशा स्थितीत ती एकदा तो उंबरा ओलांडायला गेली, दुखरा पाय अडकला आणि ती घागरीसकट परसात कोसळली. उंबऱ्यावर क्षणभर पाय टेकला असता तर काही झाले नसते, असे मी म्हणालो मात्र, ती खाटेवरून उसळली, "घरच्या लक्ष्मीवर पाय दिऊ व्हय? वकील झालास म्हून?"

गणपतरावांनी चार माणसांदेखत निकाल दिला. "वैनी, आता आणिक एकदा पडलात तर हितं ऱ्हायचं न्हाई. आमच्यात यायचं. हितं वैरण भरू." त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी आज मान्य करतो; त्या वेळी केले नाही. सगळे उठून गेल्यावर आक्का मला म्हणाली, "आप्पा, ती माणसं माजं लई करत्याल. पर चूल त्यांची. मला माजी चूल पायजे." तिचे मागणे एवढेच. आणि ते राखायचे तर तिने पुन्हा पडता कामा नये, हे उघड होते.

मी पुण्याहून काठी मागवली. आली ती एखाद्या रावसाहेबाने संध्याकाळी मिरवावी अशी, चकचकीत, आक्काच्या जवळजवळ काखेपर्यंत पोचणारी, आणि टोकाला ना लोखंडी टोपी ना काही. शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर ती काठी माणसाच्या आधी घसरे. मी दुकानदाराला लिहिले. त्याचे उत्तर आले की काठ्या ठरलेल्या मापाच्याच असतात. माप काठीचे घ्यायचे की धरणाऱ्याचे, असा खडा सवाल मी दुसऱ्या पत्रात केला. त्याला आजतागायत उत्तर नाही. दरम्यान आक्काने त्या काठीने परसातल्या शेवग्याच्या शेंगा पाडायला सुरुवात केली होती, आणि काठी फार कामाची निघाली असे ती गावभर सांगत होती.

मग मी सुताराला उंबरा तासायला पाठवले. आक्का दारात आडवी उभी राहिली. लग्नात माप लवंडून ती याच उंबऱ्यावरून आत आली होती; घराचे पुढचे दार तेव्हा हेच होते. तो तासायचा असेल तर आधी मला उचला, असे तिने सुनावले. सुतार हत्यारे गुंडाळून परत आला आणि उलट मलाच म्हणाला की बाईमाणसाचे बरोबर आहे. मी हात टेकले... म्हणजे एक आठवडाभर टेकले.

शेवटी चौकटीला धरायची लाकडी मूठ बसवायचे ठरले. त्यातही सुताराने ती स्वतःच्या खांद्याच्या अंदाजाने, एकाच बाजूला ठोकली. आक्काच्या उजव्या हातात जोर, डाव्यात नाही. आत येताना मूठ उजवीकडे, बाहेर जाताना तीच डावीकडे. आक्काने दोनदा ये-जा केली आणि थंडपणे विचारले, "येताना धरायचं आन् जाताना पडायचं, असं हाय व्हय?" मी सुताराला तिथल्या तिथे लेखी नोटीस दिली. त्याने ती वाचता येत नसल्याने घडी घालून कानावर ठेवली, पण आक्काला उंबऱ्याशी उभी केली, तिचा हात कोपरात जरासा वाकेल तिथे खूण केली, आणि दोन्ही बाजूंना मुठी बसवल्या. दुसऱ्या दिवशी गणपतरावांनी, कोणी सांगितले नसताना, बांधावरचा एक सपाट दगड आणून उंबऱ्याच्या आतल्या अंगाला आणि एक बाहेर पायरीसारखा पक्का बसवला. उंबरा जागच्या जागी राहिला, आणि ओलांडायची उंची निम्मी झाली.

पुढे एकदा गेलो तर एका मुठीला लसणाची जुडी टांगलेली! संतापाने मी भोरला येऊन आक्काला सविस्तर पत्र लिहिले. शाळेच्या मास्तरांनी ते चावडीसमोर मोठ्याने वाचून दाखवले म्हणे. आक्काचा उलट निरोप आला : "आप्पाला सांगा, लसूण काढला. आता तरी जेवाया ये." मी गेलो नाही, दुकानदाराला लिहायचे होते.

भेटायला आलेले लोक म्हणत होते, वय झाले होते, आज ना उद्या पडल्याच असत्या. हे ऐकून माझे डोके फिरते. म्हातारा माणूस पडतो तो वयाने नव्हे. घर त्याच्या तरुणपणाच्या पायांसाठी बांधलेले असते, आणि पुढे ते त्याच्या मापाचे करायचा कंटाळा सगळ्यांना येतो. आक्का त्यानंतर एकदाही पडली नाही. गेली ती स्वतःच्या चुलीपुढे.

तेराव्याला गेलो तेव्हा माझ्या खिशात गणपतरावांसाठी लिहून आणलेला कागद होता : घरात वैरण भरण्यास आपली हरकत आहे, वगैरे. ते मागल्या दाराने आत आले. दगडावर पाय ठेवला, मूठ धरली, आत येऊन टेकले. मग मान खाली घालून म्हणाले, "वकीलसाहेब, घराचं काय बी ठरू द्या. ह्या मुठी तेवढ्या काढू नगा. माजं बी गुडगं आता..." मी कागद बाहेर काढला नाही.

निघताना मी मागल्या दारानेच निघालो. उजव्या मुठीशेजारी एक नवा खिळा ठोकलेला होता. लसूण आता त्यावर होता. मी उंबरा ओलांडू लागलो, आणि न ठरवता माझा हात मुठीकडे गेला. ती आक्काच्या मापाची. मला वाकावे लागले.