रसमभाताचा सराव

माझ्या लेकीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे शाळेनं पहिलीतच सांगितलं होतं. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. चौथीत आली तरी फ्रॉकचं बटण, डब्याचं झाकण, बुटाची नाडी, सगळं तिच्या हातून निसटतच होतं. लोक म्हणायचे, आळशी आहे. चार ओळी लिहिताना जी मुलगी घामाघूम होते ती आळशी, तर मग धन्य त्या लोकांची.

हातांची थेरपी करणाऱ्या बाईंनी कणीक मळायला सांगितली, कपड्यांना चिमटे लावायला सांगितले. आम्ही सगळं केलं. फरक पडला तो मुंगीच्या पावलांनी.

अशात नवऱ्याच्या तमिळ साहेबांच्या साठीशांतीचं आमंत्रण आलं. शहरातल्या नुंगंबाक्कम भागातल्या हॉलमध्ये केळीच्या पानावर जेवण. तिथे रसमभात हातानंच खायचा. एरवी अशा ठिकाणी मी तिला भरवते. या वेळी तिनं आधीच बजावलं, "आई, माझी मी जेवणार. तू हात लावायचा नाहीस."

मी कबूल केलं. मग शहराबाहेर, आवडी नावाच्या उपनगरातल्या आमच्या क्वार्टरमध्ये रोज रसम व्हायला लागलं. भाताला आळं करायचं, कालवायचं, बोटांनी गोळा करायचं. हळूहळू तिला जमायला लागलं, आणि मला केवढा आनंद झाला.

हॉलमध्ये सांबारभात कसाबसा पार पडला. मग वाढप्यानं रसम ओतलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. घरी आम्ही स्टीलच्या ताटात शिकलो होतो. भात ताटाच्या काठाशी रेटून तिथं घास करायचा, ही युक्ती तिची तिनंच शोधली होती. पानाला कुठला आलाय काठ? तिनं भात रेटला, तो पुढे सरकतच गेला. रसम ओघळून तिच्या नव्या परकरावर आलं. तिनं तळव्यानं अडवलं, तर ते दुसऱ्या बाजूनं निघालं.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. शब्द दिला होता, आणि मोडावासा वाटत होता. समोरच्या पंक्तीत नवरा पापडाकडे एकटक बघत होता.

शेजारच्या बाई तमिळमध्ये हळूच म्हणाल्या, "पावम." म्हणजे बिचारी. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण लेकीला तमिळ माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तिचा हात जागीच थांबला.

"आई," पानावरची नजर न काढता ती म्हणाली, "भरव." आणि सगळ्यांसमोर तोंड उघडलं.

मी भात ओढला आणि घास केला. माझ्या बोटांना तो इतका सहज जमला, याचाच मला राग आला.