साळूबाईच्या पाच लेकी

सत्यशीलाबाईंचा आवाज एसटीच्या शेवटच्या सीटपर्यंत जायचा. श्रीरामपूर आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्या, तरी पुणतांब्याच्या फाट्यावर त्या उभ्या दिसल्या की ड्रायव्हर न विचारता गाडी थांबवतात. माहेर पुणतांब्याचंच, बौद्धवस्तीतलं. नवरा गेला, दोघी मुली संसाराला लागल्या, तेव्हा त्या परत माहेरच्या घरात येऊन राहिल्या.

तिथं त्यांची ओळख अजून एकच, साळूची थोरली. साळूबाईला पाचही मुलीच झाल्या. पाचव्या बाळंतपणाला चुलत सासरा दारात उभा राहून म्हणाला होता, "साळूचा वंश बुडाला." सत्यशीलाबाई तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या. त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं. अंगात ताकद आल्यावर आई गावातल्या भामाबाईंच्या मळ्यात खुरपायला गेली, आणि खुरपून खुरपून तिनं पाचही मुली शिकवल्या. दोघी नर्स झाल्या, एक शिक्षिका, एक तलाठी आणि थोरली कंडक्टर. हे बघूनच साळूबाई गेली.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून वृषाली नावाच्या संशोधक गावात आल्या. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, त्यावरून आईच्या आईच्या आईचं मूळ शोधायचं, असं त्यांचं काम. शाळेच्या ओट्यावर बायका जमल्या, पण पुढं कुणी होईना. आधार कार्डाला जोडतील, काही रोग काढतील, अशी कुजबुज सुरू झाली.

सत्यशीलाबाईंनी आधी वृषालीताईंना चार प्रश्न विचारले. नाव कुठं छापणार नाही, याची खात्री करून घेतली. मग बायकांकडे वळून म्हणाल्या, "माजं आधी घेत्यात. मी जित्ती ऱ्हायले तर तुमी या." बायका हसल्या आणि रांग लागली. मळ्यातल्या भामाबाईही काठी टेकत आल्या. वय ऐंशीच्या पुढं, घर गावातलं मोठं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वृषालीताई परत आल्या आणि एकेकीला वर्गात बोलावून सांगू लागल्या. सत्यशीलाबाईंची पाळी आली.

"तुमच्या शाखेला आम्ही एम-दोन म्हणतो," वृषालीताई म्हणाल्या. "आपल्या देशातल्या फार जुन्या शाखांपैकी ही एक. अंदाजे पन्नास हजार वर्षांची. ती तुमच्या एकट्यांची नाही, लाखो लोकांत आहे. पण ती येते फक्त आईकडून. मुलांनाही मिळते, पुढं देतात मात्र मुलीच."

"म्हंजे ज्या बाईला पाच लेकी झाल्या, तिचं?"

"तिचं पाच वाटांनी पुढं गेलं."

सत्यशीलाबाई उठल्या. ताठ चालत बाहेर आल्या.

ओट्यावर भामाबाई बसल्या होत्या. "तुला काय म्हनली गं बाई?"

"एम-दोन."

"मलाबी तेच म्हनली की." भामाबाईंनी काठी बाजूला ठेवली. "मंग साळू माजी कोन लागली?"

"लई मागं कुठंतरी दोघींची एकच आय आसंल."

भामाबाईंचा आवाज बारीक झाला. "मी तिला वरून पानी वाढायची. वंजळीत. सासूनं लावलेली रीत, मी चालवली. मंग ती माजी बहीनच हुती म्हन."

"व्हय काकू," सत्यशीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "तवाबी हुतीच. तपासायच्या आधीबी हुती."

भामाबाईंनी मान हलवली. सत्यशीलाबाई ओट्यावरून उतरल्या. आईच्या वाटचं जे बोलायचं होतं, ते बोलून झालं होतं.

त्यानंतर शाळेनं मुली आणि त्यांच्या आयांसाठी कार्यक्रम ठेवला आणि सत्यशीलाबाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं. निवेदकानं नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं व्यवस्थित वाचलं. त्या उठल्या. माईक त्यांनी बाजूला सारला, त्यांना त्याची गरज नव्हती.

"मी सत्यशीला, साळूबाईची. साळूबाई गयाबाईची. गयाबाई धोंडाबाईची. त्येच्या मागची नावं मला ठावं न्हाईत, पन त्या हुत्या. दुष्काळात हुत्या, पटकीच्या साथीत हुत्या. मधली एकबी लेक गळाली आसती, तर मी हितं उभी नसते. माज्या आयला लोक म्हनले, वंश बुडाला. तिचा वंश तुमच्यापुढं बोलतोय."

मांडवात मागच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

खाली बसलेल्या मुली आपापल्या आयांना पणजीचं नाव विचारू लागल्या. पुष्कळ जणींना आठवेना, त्या घरी जाऊन विचारू म्हणाल्या. सत्यशीलाबाई खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि चौघी बहिणींना फोन लावायला घेतला.